ओल्या मातीचं वजन

घरात शिरल्यावर ताई कधी बसत नसत. पाण्याचा तांब्या पुढे आला तरी "ठेवा, घेते" म्हणत आणि सरळ जाऊन भिंतीवर तळहात टेकत. मग डोळे बारीक करून गप्प उभ्या राहत. घरातली माणसंही आपोआप गप्प होत. डॉक्टरने छातीला नळी लावल्यावर नातेवाईक जसे त्याच्या तोंडाकडे बघत राहतात, तसे सगळे ताईंच्या तोंडाकडे बघत. बऱ्याच वेळाने त्या म्हणत, "भिंतीला इचारलं. हो म्हनतीय." किंवा म्हणत, "न्हाई म्हनतीय. खिडकीला इचारू."

ज्याच्या कामाला गावात नावच नाही असं एखादं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. नारायणगावात ताईंचं तसं होतं. कुणी त्यांना 'भिंतीवाल्या बाई' म्हणे, कुणी 'त्या खिसे शिवणाऱ्या'. एका-दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसांना भिंतीवर, गॅलरीत, खिडकीच्या गजांवर भाजीची उभी बाग करून देणं हे त्यांचं काम. जाड कापडाचे खिसे त्या स्वतः शिवत. त्यांत नारळाचा भुसा, माती आणि गांडूळखत भरत आणि लोखंडी चौकटीवर ते एकाखाली एक असे टांगत. फुलझाडं कुणी मागितली तर म्हणत, "शोभंचं दुसरीकडं मिळंल. माज्याकडं खायचं मिळतं."

चौकटी मी बनवत असे. बसस्टँडच्या मागे माझं ग्रिल आणि गेटचं दुकान आहे. वेल्डिंग मी करतो, घरोघरी जाऊन बसवतोही मीच.

ताई पहिल्यांदा दुकानात आल्या त्या वहीचं एक पान घेऊन. पानावर पेन्सिलीने चौकट काढलेली, मापं लिहिलेली. मी पाहिलं आणि म्हणालो, "एवढ्याला साधी पट्टी चालेल, ताई. वजन ते काय असणार?" त्यांनी पिशवीतून भरलेला एक खिसा काढून माझ्या तळहातावर ठेवला. मग तोच खिसा दुकानातल्या पाण्याच्या पिंपात बुडवला, थेंब गळायचे थांबेपर्यंत वर धरला आणि परत माझ्या हातावर ठेवला. माझा हात खाली गेला.

"सुकी माती समदेच धरत्यात, भाऊ," त्या म्हणाल्या. "भिंत वली माती धरती."

त्यांचं माहेर महाळुंगे पडवळचं, शेतकऱ्याच्या घरचं. लग्न होऊन नारायणगावला आल्या. यजमान डेअरीत होते, ते लवकर गेले. भाड्याच्या खोलीत खिडकीला दोन खिसे बांधून त्यांनी मेथी लावली, शेजारणीने ती पाहिली, आणि तिथून हे सुरू झालं. कुठे शिकलात असं विचारलं तर म्हणत, "आडवी शेती येत व्हती. तीच हुबी केली."

नव्या घरी त्यांचा पहिला प्रश्न झाडांचा नसेच. डब्याला काय देता, कोथिंबीर कोणत्या वारी संपते, फोडणीला कढीपत्ता आणायला कोण जातं, असं सगळं विचारून घेत. मग घरातल्या बाईला भिंतीपाशी उभं करून हात वर करायला लावत आणि तिथे खडूने रेघ मारत. त्या रेघेच्या वर काही लावायचं नाही. "हाताच्या वरची भाजी वाळून जाती. रोज कोन चढनार?"

खोडदच्या दुर्बिणीवर नोकरीला असलेले एक साहेब नारायणगावात राहत. त्यांना गॅलरीत स्ट्रॉबेरी हवी होती. ताई एका दिवसात तीनदा त्यांच्याकडे गेल्या, तिन्ही वेळा उन्हाच्या कडेला खडूने खूण केली आणि म्हणाल्या, "साहेब, ऊन दीड तास. दीड तासात पुदिना येतो."

साहेब हसत म्हणाले, "अहो, आम्ही आकाशातलं मोजतो."

"मंग थोडं इकडं वळवा," ताई म्हणाल्या आणि पुदिना लावून आल्या.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. ते टाळून ताईंबद्दल बोललो तर अर्धंच बोलल्यासारखं होईल.

बाजारपेठेत एक जुनी तीन मजली इमारत आहे. तिसऱ्या मजल्यावर निमगाव सावाचे एक आजोबा-आजी राहत होते. आजींची उजवी बाजू अर्धांगवायूने गेलेली. दवाखाना जवळ पडावा म्हणून मुलाने दोघांना इथे आणून ठेवलं होतं. तो स्वतः चाकणला कंपनीत, रविवारी येई. आजींचा लोखंडी पलंग गॅलरीच्या दाराकडे तोंड करून टाकलेला होता. समोर दिसायचा तो फक्त कठडा आणि पलीकडच्या इमारतीवरची टाकी. शेतावर जन्म काढलेली बाई, दिवसभर त्या टाकीकडे बघत पडून असे. बोलणं जवळजवळ बंद केलं होतं.

ताईंनी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "काय बगावंसं वाटतं?"

एकच शब्द आला, "घेवडा."

पण त्या गॅलरीत ऊन यायचं ते फक्त बाहेरच्या कडेला. म्हणजे माणसापेक्षा उंच चौकट अगदी कठड्याला लागून उभी करावी लागणार, आणि कठड्याच्या खाली भर बाजार. ताईंनी चार दिवस चित्रं काढली आणि खोडली. शेवटी ठरलं. चौकटीचा पाया कठड्याच्या आत, आणि वरची बाजू दोन्हीकडच्या भिंतींना फास्टनरने, म्हणजे भिंतीत ठोकायच्या जाड बोल्टांनी, घट्ट पकडलेली. त्या इमारतीला गिलाव्यावर गिलावा चढवलेला होता. ताईंनी खिळ्याने कोरून पाहिलं तेव्हा चार बोटं आत गेल्यावर वीट लागली. म्हणून त्यांनी पानावर लाल पेनाने लिहून दिलं : 'पाच इंची. विट धरली पाहिजे.'

चौकट बसवायच्या दिवशी माझ्याकडचे पाच इंची फास्टनर संपले होते. अडीच इंची होते. दुपारनंतर एका लग्नघरी गेट पोचवायचं होतं. ताई त्या दिवशी मंचरला दुसऱ्या कामावर होत्या. मी ड्रिल मारलं, अडीच इंची ठोकले, नट आवळले. चौकट हलवून पाहिली. हलली नाही. आणि खरं सांगायचं तर, बाई जरा जास्तच घाबरतात असंही मनात होतं.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. बाहेरून दिसतो तो फक्त नट, आत किती गेलाय ते दिसत नाही. त्यांनी एकेका नटावर बोट ठेवलं आणि विचारलं, "वीट धरलीय ना, भाऊ?"

"धरलीय, ताई," मी म्हणालो.

त्यांनी विश्वास ठेवला. पुढचे चार महिने मी त्या पेठेतून जाताना वर बघत राहिलो. काम नसलं तरी त्या बाजूने जायचो. घेवड्याचे वेल चढले, पांढरी फुलं आली. आजोबा भेटले की सांगत, "बोलायला लागली. फुलं मोजती." मला आनंद व्हायचा आणि लगेच मी विषय बदलायचो. सांगून टाकावं असं रोज वाटे. पण मग वाटे, चार महिने टिकलंय, म्हणजे टिकेल.

परतीचा पाऊस तीन दिवस लागून राहिला. चौथ्या दिवशी उघडला, पण वारा सुटला. बाजाराचा दिवस होता. मी मिरच्या घ्यायला गेलो होतो. सवयीने वर पाहिलं तर चौकट आणि भिंत यांच्या मधून आभाळाची एक पट्टी दिसत होती. बोटभर रुंद. कालपर्यंत तिथे आभाळ नव्हतं.

मी ताईंना फोन लावला. "ताई, पेठेतल्या आजींच्या गॅलरीतले फास्टनर अडीच इंची आहेत. चौकट सुटायला लागलीय."

ताईंनी विचारलं, "तुमी कुठंयत?"

"खालीच."

"खालची मानसं उठवा. मी आले."

बाजारातल्या बसल्या माणसाला उठवणं किती अवघड असतं ते तुम्हाला ठाऊक असेल. बरोबर गॅलरीच्या खाली एक म्हातारी काचेच्या बांगड्या मांडून बसली होती. शेजारी लसूणवाला, पलीकडे मिरच्यांचा ढीग. मी सांगायला लागलो तर लसूणवाला वर बघून म्हणाला, "काय नाय व्हत, राव." म्हातारी तर माझ्याकडे बघेचना. शेवटी मी तिची पाटीच उचलली आणि पळालो. ती शिव्या देत माझ्या मागे आली. तिच्या ओरडण्याने बाकीचे उठले. दोन हातगाड्या आडव्या लावून मी जागा मोकळी केली आणि कुणी आत येऊ नये म्हणून एका ओळखीच्या दुकानदाराला कडेला उभं केलं. तोवर ताई रिक्षातून उतरल्या. माझ्याकडे न बघता जिना चढल्या. मी मागोमाग.

वर गेल्यावर त्यांनी डाव्या बाजूच्या फास्टनरपाशी बोट लावलं. गिलाव्याचा भुगा पीठ सांडावं तसा सांडला. "चौकटीला हात लावू नका," त्या म्हणाल्या. मग वळून, "आजोबा, आजींची लुगडी काढा. दोन. न फाटलेली, धडकी बगून द्या."

आजोबांनी ट्रंकेतून नऊवारी लुगडी काढली. ताईंनी स्टुलावर चढून एक लुगडं चौकटीच्या वरच्या पाईपातून ओवलं, दोन्ही टोकं दारातून आत घेतली. "भाऊ, पलंग दाराला आडवा लावा."

मी आजींसकट पलंग ओढला. आजोबा घाबरून म्हणाले, "तिला खाली उतरवू का?"

ताईंनी एकदा पलंगाकडे पाहिलं, एकदा दाराकडे. "पलंग या दारातनं जात न्हाई. मी मापलंय. उतरवायला येळ न्हाई, आन मला वजन पायजे. तुमी बी बसा त्यावर." लुगड्याची टोकं पलंगाच्या लोखंडी पायाला गाठ मारून बांधत त्या आजींना म्हणाल्या, "आजी, पडून ऱ्हायचं. अजाबात हलायचं न्हाई."

आजींचा चेहरा अर्धाच हलायचा. त्या अर्ध्या चेहऱ्याने त्या हसल्या. जड जिभेने म्हणाल्या, "दोन वर्षं... तेच करतीय."

दुसऱ्या लुगड्याचं एक टोक ताईंनी पाईपाला बांधलं, दुसरं माझ्या कमरेला. त्या स्टुलावर चढल्या. मी खालचा एक खिसा काढायला वाकलो तशा ओरडल्या, "वरनं! खालचं काढलं तर वरचं समदं घिऊन जाईल."

वरच्या ओळीपासून सुरुवात झाली. पण घेवड्याच्या वेलांनी खिसे एकमेकांना बांधून टाकले होते. ताई पिशवीतल्या विळ्याने वेल कापत, दोन्ही हातांनी खिसा उचलत, माझ्याकडे देत. मी तो मागे फरशीवर ठेवत होतो. तीन दिवसांच्या पावसाने एकेक खिसा दगडासारखा झाला होता. दर खेपेला ताईंना कठड्याबाहेर थोडं झुकावं लागत होतं. आजोबांचं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटणं तेवढं ऐकू येत होतं.

वरची ओळ संपून दुसरी अर्धी झाली आणि वाऱ्याचा झोत आला. डावीकडे 'टक्' असा आवाज झाला. फास्टनर निघाला. चौकट बाहेर कलली, कमरेचं लुगडं मला ओढायला लागलं, आणि पलंग फरशीवर कर्र करत वीतभर सरकून दाराच्या चौकटीला धडकला. तिथे थांबला. लुगडं ताणून काठीसारखं झालं होतं. त्या झटक्याने एक खिसा सुटला आणि कठड्यावरून खाली गेला.

खाली आवाज झाला. मग बाजार एकदम शांत झाला. ताई स्टुलावर तशाच, एक हात पाईपाला. "खाली कोन हाय?" त्यांनी न बघताच विचारलं. मला कठड्यापर्यंत जायची हिंमत होईना.

तेवढ्यात खालून त्या बांगड्यावालीचा आवाज आला, "अगं बाई! माझ्याच जागंवर पडलं की!"

ताईंनी डोळे मिटले, उघडले आणि पुढच्या खिशाला हात घातला.

सगळे खिसे निघाल्यावर रिकामी चौकट आम्ही दोघांनी आत घेऊन आडवी केली. ताईंच्या दोन्ही हातांना वेलांनी ओरखडे आले होते. त्यांनी फरशीवर पडलेला फास्टनर उचलला, तर्जनीशेजारी धरून पाहिला. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी बोलायला हवं होतं. त्या कापलेल्या वेलांपाशी बसल्या, शेंगा खुडल्या आणि ओंजळभर शेंगा आजोबांना देत म्हणाल्या, "कवळ्या हायत. आजच करा."

जिना उतरताना, मधल्या मजल्यावर, त्या थांबल्या. "उद्यापासनं समदी घरं. जिथं जिथं तुमी चौकट बसवलीय तिथं जायचं. दर घरात फास्टनर काढून बगायचे. का काढतोय ते तुमी सांगायचं. मी सांगनार न्हाई. मी बाजूला हुबी ऱ्हाईन."

चौदा घरं होती. पहिल्या घरी मी उगाच पिशवीत पान्हा शोधत बसलो, आणि ताई खरोखरच बाजूला, चपला काढतात तिथे उभ्या राहिल्या. मी सांगितलं. आणखी दोन घरांत मी तसंच केलेलं निघालं. तिथल्या चौकटी बुटक्या होत्या, एवढंच नशीब. एका मास्तरांनी ऐकून घेतलं आणि हात जोडून म्हणाले, "ताई, सगळं काढून न्या. आमच्या घरात लहान मुलं आहेत." ताईंनी वाढलेली मेथी, पालक, मिरचीची रोपं असलेले खिसे एकेक करून उतरवले आणि घेऊन गेल्या.

गावात बोललं जायला लागलं, भिंतीवाल्या बाईंचं काम कच्चं आहे. ताईंना कुणी विचारलं तर त्या 'माझं नाही, त्याचं' असं म्हणत नसत. 'आता नीट केलंय' एवढंच म्हणत. मी दोनदा ऐकलं आणि गप्प बसलो. तिसऱ्यांदा चहाच्या टपरीवर तेच निघालं. आठ-दहा माणसं होती, निम्मी माझी गिऱ्हाइकं. मी कप खाली ठेवला. "बाईंचं नाही. माझं कच्चं होतं. त्यांनी पाच इंची लिहून दिलं होतं, मी अडीच ठोकले आणि त्यांना खोटं सांगितलं." त्या आठवड्यात माझी दोन कामं दुसऱ्या दुकानात गेली. पण मला जेवण गोड लागलं, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच.

आजींच्या चौकटीचं काम ताईंनी मंचरच्या वेल्डरकडून करून घेतलं. बाकीचीही सगळी कामं त्याच्याकडे जाऊ लागली. मला वाईट वाटलं, पण तक्रार करायला तोंड नव्हतं. घेवडा परत लावला गेला. आजींनी तो हिवाळा फुलं मोजत काढला, हे मला आजोबांकडून कळलं.

बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी ताई दुकानाच्या पायरीवर उभ्या. हातात वहीचं पान. मी काही विचारायच्या आधी त्याच म्हणाल्या, "मंचरवाला चांगला हाय. पन त्यानं खोटं केलं तर त्याला पचंल का न्हाई, मला ठावं न्हाई. तुमाला पचलं न्हाई, ते मी बगितलंय." आणि पान पुढे केलं.

त्यानंतर आम्ही तीन वर्षं बरोबर काम केलं. प्रत्येक घरी फास्टनर ठोकण्याआधी मी तो घरच्या माणसाच्या हातात देऊ लागलो. ताई ते बघत आणि खडूची खूण करून देत.

मग त्यांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी जिने बंद केले. ताईंचं सगळं कामच जिन्यांवरचं. त्यांचे भाऊ येऊन त्यांना महाळुंगे पडवळला घेऊन गेले. पुढे वर्ष पुरं व्हायच्या आत त्या गेल्या. मला निरोप उशिरा मिळाला, मातीला पोचता आलं नाही.

त्याआधी एकदा मी त्यांना भेटायला गेलो होतो. त्या ओट्यावर बसल्या होत्या. समोर कांद्याचं वावर, त्याच्या पलीकडे आणखी वावर, नजर पोचेल तिथवर ऊन. हात मांडीवर नुसते ठेवलेले. इतके रिकामे हात मी त्यांचे कधी पाहिले नव्हते.

"बरं आहे ना इथं?" मी विचारलं.

"समदं हाय, भाऊ. ऊन सकाळपासनं सांजपातुर. माती म्हनशीला तितकी." मग वावराकडे बोट करून म्हणाल्या, "एवढ्या जागंत माजं काय काम?"

त्या मला सोडायला रस्त्यापर्यंत आल्या. एसटीची वाट बघत आम्ही बाभळीखाली थांबलो. काही बोलायचं म्हणून मी सांगितलं की मंचरला एका नर्सबाईंच्या खोलीचं काम आलंय. एकच खोली, एकच खिडकी, तीही उत्तरेला, ऊन नाहीच. मला काही सुचत नाहीये.

ताईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. "गज हुबे का आडवे?"

"उभे."

"समोर भिंत हाय का मोकळं?"

"भिंत आहे. पांढरी."

"पांढरी?" त्या खाली बसल्या. पडलेली एक काटकी घेतली आणि धुळीत खिडकी काढायला लागल्या. गज काढले, गजांच्या मधे खिसे काढले. समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून उजेड कसा परत येईल त्याच्या तिरक्या रेघा काढल्या. मधेच थांबून दम घेत, परत सुरू करत. एसटी आली, माझ्यासमोर थांबली. ताईंनी मान वर केली नाही.

"आळू लावा, पुदिना लावा. वरल्या बाजूला मेथी, ती खुरटीच ऱ्हाईल, पन कवळी निघंल," त्या म्हणत होत्या. "आन पानी गळून खालच्याच्या दारात पडाया नको, ते आदी बगा. हितं बगा."

कंडक्टर म्हणाला, "चला की, पावणं." मी त्याला हातानेच जा म्हणून सांगितलं आणि ताईंच्या शेजारी उकिडवा बसलो.